सोळा-श्रीतला बुद्ध

आमच्या तळ्याकाठी अशी आवई आहे की रनमेनिकानं गाडीतल्या बुद्धाला उचलून बाहेर फेकलं. दुकानावर हे सांगताना जो तो आवाज खाली आणतो, "आपल्या हातानं, हं," म्हणतो आणि चहाचा घोट घेतो. फेकलं वगैरे काही नाही. हातावर धुतलेलं पांढरं फडकं घेऊन, तोंडानं साधु-साधु म्हणत, बाळंतिणीनं पोर न्यावं तशी ती मूर्ती आत घेऊन गेली. पण उचलली हे खरं. आणि त्या सकाळी तिच्यापाशी दुसरा कुठलाच उपाय उरला नव्हता, हेही खरं.

तिच्या नवऱ्याची, उक्कुबंडाची, मूत्रपिंडं गेलेली. आमच्या बाजूला घराआड एकाची जातात. शहरातल्या इस्पितळात मशीनवर त्याचं रक्त धुऊन घ्यावं लागतं, आठवड्यातून दोनदा. बसमध्ये त्याच्यानं उभं राहवत नाही, रिक्षाच्या हादऱ्यांनी त्याला उलट्या होतात. राहिली घरची जुनी जपानी गाडी. नंबराच्या पाटीवर सोळा श्री, म्हणून गावभर तिचं नाव सोळा-श्री. चांगले दिवस होते तेव्हा उक्कुबंडा तिच्यातून लोकांना यात्रेला न्यायचा. त्यानंच काचेखालच्या फळीवर वीतभर बुद्ध बसवला होता आणि त्याच्यापुढच्या दिव्याची वायर खाली न्यायला भोक पाडलं होतं. दिवा केव्हाच गेला, वायर निघाली, बुद्ध राहिला. उक्कुबंडाचे हात थरथरायला लागले तेव्हा रनमेनिकानं बुडाखाली उशी घेतली आणि चालवायला शिकली.

आणि मग गाडीनं दगा द्यायला सुरुवात केली. इस्पितळाच्या वाटेवर, शेतं मागे पडली की समोरच्या वेगाच्या काट्यावरचे दिवे एकदम मंद व्हायचे आणि इंजिन गप्प. ना धूर, ना आवाज. उन्हात बराच वेळ बसून राहिलं की आपसूक सुरू व्हायची. तोवर मशीनची पाळी गेलेली असायची.

तिथली नर्स रागवायची नाही, तेच वाईट. "अम्मे, बाहेर बघा किती जण बसलेत. अजून एकदा चुकलं तर पाळी दुसऱ्याला द्यावी लागेल. मला सांगायला बरं वाटत नाही."

नाक्यावर जिनदास बासची शेड आहे. बास म्हणजे कारागीर, आणि हा गाड्यांच्या विजेचा. त्याची रीत ठरलेली. आधी चप्पल काढायची, गाडीतल्या बुद्धाला हात जोडायचे, मग गाडीची आतडी बाहेर काढायची. कॉइल बदलली, बॅटरी बदलली, फ्यूज बदलले, किल्लीचं कुलूपसुद्धा बदललं. आणि त्याच्या शेडमध्ये सोळा-श्री दिवसभर आज्ञाधारक पोरासारखी घुर्र करत उभी.

"हे बघा अक्का, करंट कुणाचा वैरी नसतो. त्याला वाट हवी असते. इथं तर बरी चालतेय."

"मला बघून मरते मेली."

"फळीखाली प्लगला हिरवं चढलंय. पाणी लागलंय कुठूनतरी. गाडी धुता का?"

"तळ्याला तडे गेलेत बास. म्हशी चिखल चाटतायत आणि मी गाडीला न्हाऊ घालू?"

"मग पाऊस?"

"तुम्हाला आठवतो का तो?"

बास हसला. हिरवं खरवडलं, काच हलवून पाहिली, रबर दाबून पाहिलं, बॉनेटपासून पाणी यायच्या सगळ्या वाटा बोटानं चाचपल्या. फक्त बुद्धाला वळसा घातला. तिथं कोण हात लावणार?

रनमेनिकानं आता सगळा भार वर टाकला. पूर्वी निघताना बुद्धापुढं चार ओली फुलं ठेवायची. आता चाफा, जाई, मिळालीच तर कमळाची कळी, वाटीभर. कोरडं फूल वाहायचं नाही ही आईची शिकवण, म्हणून प्यायच्या घागरीतलं पाणी घेऊन फुलं चिंब भिजवायची आणि निथळतीच ओतायची. गाडी बंद पडली की दुसऱ्या वेळी फुलं वाढायची.

मग तो दिवस आला. माळावर, जिथं सावलीला झुडूपसुद्धा नाही, तिथं सोळा-श्री थांबली. उक्कुबंडाचे पाय सुजले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"जाऊ दे गं," तो दोन श्वासांच्या मधे म्हणाला. "किती... ओढशील."

"गप बसा. बोलायला दम आहे तो घ्यायला वापरा."

असं म्हणून तिनं खिडकीबाहेर दोन्हीकडं पाहिलं. रस्त्यावर ना लॉरी, ना माणूस. ती किल्ली फिरवत राहिली आणि आतून काहीच उत्तर येईना. या उघड्या माळावर नवरा शेजारी बसून मरेल आणि आपण किल्लीच फिरवत असू, हे तिला स्वच्छ दिसलं.

गाडी पुढं केव्हातरी सुरू झाली. ती पोचली तेव्हा पाळी संपत आली होती. नर्सनं कुणाचे तरी पाय धरून उक्कुबंडाला घुसवलं आणि म्हणाली, "अम्मे, आता खरंच शेवटचं."

परतताना गाडी लोण्यासारखी चालली.

"जाताना मरते, येताना जगते," उक्कुबंडा म्हणाला. मशीनवरून उतरला की त्याला थोडी थट्टा सुचते. "माझ्यासारखीच. इस्पितळाला भिते."

रनमेनिका हसली नाही. ती फुलांकडं बघत होती. सकाळची चिंब फुलं उन्हानं पापडासारखी झाली होती. येताना फुलं नेहमी सुकलेलीच असतात. बासच्या शेडमध्ये तर फुलं नसतातच. तिनं गाडी कडेला घेतली, बोटानं फुलं सारली. खाली दिव्याचं जुनं भोक, आणि भोकाच्या काठाला पाण्याचा पांढरा डाग. इतके दिवस ती हात जोडून घागरीतलं पाणी थेट किल्लीच्या तारांवर ओतत होती.

बुद्ध तिथं असेतो भिजली फुलं आलीच, आणि नुसतं भोक बुजवलं तरी पाणी दुसरी फट शोधणार. बासला सांगितलं तर तो दोन पावलं मागे सरला. "तुमचं म्हणणं पटतंय अक्का. पण मूर्ती मी नाही हलवणार. पोराबाळांचा बाप आहे मी."

म्हणून इस्पितळाच्या सकाळी तिनंच हलवली. कुंपणाला सगळी आळी लोंबकळली होती. तिनं मूर्ती घरात उंच जागी ठेवली, भिजली फुलं तिथं वाहिली, भोकात मेण दाबलं आणि फुलांशिवाय, बुद्धाशिवाय गाडीत येऊन बसली.

"नेंदा," कुंपणावरून एक आवाज आला. नेंदा म्हणजे आत्या, आणि आवाज माझा; दुकानावर तिच्या नकला करून लोकांना हसवते ती मीच. "लाव पैज. आज माळ नाही ओलांडत ही."

"लावली," तिनं मागं न बघता म्हटलं. "ओलांडला तर वेसाकच्या बुद्धपौर्णिमेपर्यंत तू माझी नक्कल करायची नाहीस. नाही ओलांडला तर..." तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

माळावर ती श्वास धरून होती असं उक्कुबंडा सांगतो. काट्यावरचे दिवे लखलखीत राहिले. ती पोचली तेव्हा आधीच्या माणसाची पाळीसुद्धा संपली नव्हती. नर्स म्हणाली, "अम्मे, एवढ्या लवकर?" आणि रनमेनिका बाकावर बसून पदरात तोंड घालून रडली.

पैज मी हरले. वेसाक अजून लांब आहे. तोंडानं नक्कल करायची नाही एवढंच ठरलं होतं, लिहिण्याचं काही बोलणं झालं नव्हतं.