सकाळी पेजेसोबत

माझ्या नोकरीबद्दल आमच्या माणसांत दोन मतं आहेत. सासूबाईंच्या मते मी हॉस्पिटलात गोळ्या विकते. माहेरी इन्सुलीला माझी काकी सगळ्यांना सांगते की मी डॉक्टरांच्या चुका काढते. खरं काय ते या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका हॉस्पिटलात मी क्लिनिकल फार्मसिस्ट आहे आणि तिथली औषधसूची सांभाळते. हॉस्पिटलात कोणतं औषध ठेवायचं, कोणतं काढायचं आणि पेशंटला ते काय सांगून द्यायचं, हे एक समिती ठरवते. तिची मी सचिव. निर्णय समितीचा असतो, शिव्या मात्र मला मिळतात.

ही सूची करणं म्हणजे लग्नाच्या आमंत्रणांची यादी करण्यासारखंच आहे. कुणालाही वगळा, कुणीतरी रुसतंच. सर्जनना त्यांचं लाडकं मलम हवं असतं, मुलांच्या डॉक्टरांना ठरावीक चवीचं सिरप. एकसारख्या दिसणाऱ्या दोन खोक्यांपैकी एक मी हटकून हाकलते, कारण घाईत सिस्टरचा हात भलत्याच खोक्यावर जायला वेळ लागत नाही. सर्पदंशावरचं इंजेक्शन आणि भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या तापासाठी लागणाऱ्या गोळ्या यांना मात्र हात लावायचा नाही. तिथे मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मी तापट आहे असं सगळे म्हणतात आणि या कामाला तापट माणूसच लागतं असं माझं म्हणणं आहे.

तर त्या वर्षी सूचीतल्या एका जुन्या गोळीवर किटाळ आलं. मधुमेहाची साधी गोळी होती. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि एका सकाळी एका तांडेलाला चौघांनी उचलून आमच्या हॉस्पिटलात आणलं. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. जाळं ओढता ओढता त्याला दरदरून घाम फुटला आणि तो बसल्या जागी कलंडला. रक्तातली साखर पार खाली गेली होती. शिरेतून ग्लुकोज गेलं तसे काका उठून बसले आणि पहिलं वाक्य बोलले, "जाळां खंय आसा?"

असे आणखी काही पेशंट त्या सुमारास येऊन गेले होते. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातली एक बाई कामावर असतानाच गरगरून पडली होती. आमचे फिजिशियन घाटावरचे, माणूस सोन्यासारखा, पण पेशंटच्या जिवाशी खेळ झाला असं वाटलं की त्यांचा पारा माझ्याही वर जातो. ते माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "ती गोळी सूचीतून काढा. हा माणूस पाण्यात पडला असता तर?"

त्यांचं चुकत नव्हतं. पण माझा जीव त्या गोळीत अडकला होता, कारण ती जिल्ह्यातल्या कुठल्याही लहान मेडिकलमध्ये मिळते. आंबोलीत दरड येऊन एसटी बंद पडली तरी तिथल्या पेशंटचं अडत नाही. तिच्याऐवजी डॉक्टरांना जी नवी गोळी हवी होती ती आमच्या काउंटरशिवाय आसपास कुठेच मिळत नव्हती. शिवाय ती नवी गोळी तांडेलकाकांना देऊन पाहिली तर त्यांची साखर वर चढली ती खाली यायचं नाव घेईना. मग डॉक्टरांनी जाहीर केलं की आता इन्शुलिन, आणि हा हंगाम समुद्र बंद. जुन्या गोळीचा निकाल समितीच्या पुढच्या बैठकीत लावायचा, असंही त्याच दमात ठरलं.

काकांवर आभाळच कोसळलं. उभा जन्म पाण्यावर गेलेला माणूस. रोज सकाळी साखर तपासायला यायचे आणि मग घरी न जाता माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून राहायचे. तिथून बंदराचा एक तुकडा दिसतो. होडीवर दुसरा तांडेल गेला होता आणि तो जाळं कुठे टाकतो यावरून काकांचा जीव खालीवर व्हायचा. एकदा मला म्हणाले, "मॅडम, मला सुई टोचा, कापा, काय पण करा. पण जमिनीवर बसवू नका." माझ्याशी ते नेहमी असं शुद्ध बोलायचे. आमच्याकडे पांढरा कोट दिसला की मालवणी आपोआप गप्प होते. मीही त्यांच्याशी शुद्धच बोलायचे. घरी मी सासूबाईंशी मालवणीत कचाकचा भांडते, पण खिडकीत बसले की रेडिओवरच्या बातम्यांसारखी बोलते.

मी त्यांना खोदून खोदून विचारलं होतं. "गोळी वेळेवर घेत होता?" "हो मॅडम." "नाश्त्याआधी?" "हो मॅडम." "आणि नाश्ता करत होता?" "रोज करत होतो, मॅडम." सगळी उत्तरं शंभर नंबरी. गोळीच्या पाकिटावर आम्ही जे स्टिकर लावतो त्यावरही 'सकाळी नाश्त्याआधी' असंच छापलेलं असायचं. ती स्टिकरं त्याच वर्षी बाहेरून छापून मागवली होती. गुळगुळीत कागद, ठसठशीत अक्षर. समितीने कौतुकाने मंजूर केली होती. त्याआधी आम्ही पाकिटावर नुसतं पेनाने 'सकाळी एक' लिहायचो.

एके दिवशी काका असेच बाकावर बसले होते. साडेदहा होऊन गेले होते. त्यांची बायको शोधत शोधत आली आणि सगळ्या रांगेसमोर त्यांच्यावर ओरडली, "ओ, घराक येवचा नाय काय? पेज थंड झाली! सकाळपासून पोटात काय नाय आणि हय बसलेत बंदर बघीत!"

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. म्हटलं, "काकी, पोटात काही नाही कसं? काका म्हणतात नाश्ता झाला."

"झाला ना," काका म्हणाले. "चहा घेतला. दोन खारी खाल्ल्या."

"रोज नाश्ता म्हणजे हाच?"

"हाच. अजून काय असतं नाश्त्याला?"

मला आधी घाम आला आणि मग इतकं हसू आलं की मला खिडकीखाली वाकावं लागलं. पेज! उकड्या तांदळाची, वाफाळती, दहा-अकराला खायची पेज. इकडच्या माणसाचं सकाळचं खरं खाणं तेच. पण त्याला नाश्ता कुणी म्हणत नाही, आणि जेवणही म्हणत नाही. पेज ती पेज. काका पहाटे होडीत चहाबरोबर गोळी घेत, जाळं ओढून होईपर्यंत अंगमेहनत करत, आणि पेज त्यानंतर कधीतरी. गोळी बिचारी आपलं काम चोख करत होती, पोटात काही नव्हतं. मी विचारत होते पुस्तकातल्या भाषेत आणि ते उत्तर देत होते ऑफिसातल्या भाषेत. मी लहानपणापासून पेजेवर वाढलेली, ते जन्मभर पेजेवर जगलेले, आणि इतक्या दिवसांत आमच्या दोघांच्या तोंडून तो शब्द एकदाही निघाला नव्हता, कारण हॉस्पिटलात पेज म्हणणं बरं दिसत नाही!

मग मी चक्कर येऊन गेलेल्या सगळ्यांना फोन लावले. यावेळी नाश्त्याचं नाव काढलं नाही. "पेज कधी खाता?" एवढंच विचारलं, तर फोन आवरेनात. एरवी एका शब्दात उत्तर देणारी माणसं गजाली सांगत बसली. काजू कारखान्यातली बाई म्हणाली की पेज मधल्या सुट्टीत, सोबत खारातली कैरी, आणि कैरी खारात कशी घालायची तेही तिने सांगितलं. एका आजोबांनी सुनेच्या हातची पेज कशी पातळ होते याची रीतसर तक्रार नोंदवली. सगळ्यांची गत एकच होती. गोळी पहाटेच्या चहाला, पेज पुढे कितीतरी वेळाने. नुसतं 'सकाळी एक' होतं तोवर हीच माणसं ती पेजेबरोबर घेत होती.

मी धावत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. काकांना जुनी गोळी पुन्हा देऊ, पेजेबरोबर. रोज माझ्यासमोर साखर तपासायची. थोडी जरी खाली गेली तरी ही गोळी बंद आणि परत इन्शुलिन." काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाबरलेच. हे चुकलं तर त्यांचा समुद्र माझ्या हातून जाणार होता. ते दिवस मी फार वाईट काढले. रोज रिपोर्ट यायची वेळ झाली की घरच्या सगळ्या देवांना हाक मारायचे. पण साखर शहाण्या मुलासारखी जागेवर राहिली.

बैठकीत डॉक्टरांनी आकडे पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "आकडे पटले. पण मला एक कळत नाही. पेज तर आपण तापातल्या माणसाला देतो. धडधाकट माणूस रोज पेज कशाला खाईल?"

आमच्या मेट्रनबाई कट्टर मालवणी आहेत. त्या खुर्चीतून अशा उठल्या की मला वाटलं आता राजीनामा देतात. तडक बाहेर गेल्या आणि कँटीनमधून वाडगा घेऊन परत आल्या. लालसर शितांची गरम पेज, वर खोबऱ्याची कातळी, बाजूला भाजलेला सुका बांगडा. त्याचा वास समितीच्या फायलींवरून थेट हिशेबनिसांच्या नाकापर्यंत गेला. त्यांनी अजेंडा मिटून ठेवला.

"खावा," मेट्रनबाई म्हणाल्या. डॉक्टरांसमोर त्यांनी शुद्ध मराठी सोडून दिलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

डॉक्टरांनी एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग बांगड्याचा काटा काढण्यात ते इतके गढून गेले की मला विषय पुढे नेता येईना. वाडगा रिकामा झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "हे आपल्या कँटीनला रोज असतं आणि मी इतकी वर्षं उपमा खातोय?" सगळे इतक्या मोठ्याने हसले की बाहेरची सिस्टर दार उघडून बघून गेली. गोळी सूचीत राहिली. नवं स्टिकर तिथल्या तिथे मंजूर झालं, 'सकाळी पेजेसोबत'. पर्यटकांचं काय, असा प्रश्न हिशेबनिसांनी काढला, तर मेट्रनबाई म्हणाल्या की त्यांनीही पेज खायला हरकत नाही. तरी त्यांच्यासाठी वेगळं स्टिकर ठेवलं. मी त्या दिवशी घरी जाताना स्कूटरवर एकटीच गात होते.

काकांना दर्यावर जायची परवानगी मिळाली. डॉक्टरांनी अट घातली होती, जाळं अर्धवट असलं तरी पेज वेळेवर, आणि गोळी पेजेच्या ताटावर बसल्यावरच. काका पाकीट खिशात घालून लगेच निघून गेले. मला जरा खट्टूच वाटलं. दोन शब्द बोलतील अशी माझी अपेक्षा होती.

पहिल्या फेरीला ते गेले त्या दिवशी माझं कशात लक्ष नव्हतं. महिन्याचा साठा तपासायचा होता म्हणून मी सकाळी लवकर आले होते आणि मोजत होते तेच पुन्हा मोजत होते. वर्दळीच्या वेळी काउंटरवरचा फोन वाजला. इंजिनाची घरघर, वारा, आणि त्यातून काकांचा आवाज.

"बाय, मी बोलतंय. जाळी ओढून झाली. पेज वाढल्यानी हा, गोळी हातात आसा."

मॅडम नव्हे, बाय. घरच्या लेकीला हाक मारतात तशी. तरी मी आपली खिडकीतल्या आवाजात म्हणाले, "छान, काका. चक्कर, घाम, असा काही त्रास?"

"कसली चक्कर! पोरांका दमवलंय सगळ्या. ता ऱ्हवांदे. तू पेज खाल्लंस काय गो?"

घड्याळात अकरा वाजत आले होते आणि माझ्या पोटात सकाळचा अर्धा कप चहा होता. समोर रांग होती, अंगात पांढरा कोट होता. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "नाय ओ काका. खंय वेळ गावता!"

पलीकडे ते होडीतल्या माणसांना ओरडून सांगत होते, "आयकलास? आमका शिकवता आणि सोता उपाशी ऱ्हवता!" होडीभर हसू उसळलं, मला ते वाऱ्यातूनही ऐकू आलं. मग ते पुन्हा फोनवर आले, "आदी जेव. मगे लोकांका औषधां वाट." आणि फोन बंद झाला.

मी डोळे पुसले आणि रांगेतल्या पहिल्या बाईंची चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी चिठ्ठी मागे घेतली.

"जा गो बाय," त्या म्हणाल्या. "खावन ये. आमी थांबतंव."