'पोलीस' लिहिलेलं हेल्मेट

खात्यात, घरात, बायकोलासुद्धा जे कधी सांगितलं नाही ते इथं लिहितो आहे. रस्त्यावर हेल्मेट घातलेली पोरगी दिसली की ती केस मला आजही आठवते.

निवृत्तीला काही महिने उरले होते. मी साताऱ्यात वाहतूक शाखेचा प्रभारी होतो. आदेश आला, पोलिसांनी स्वतः हेल्मेट घालून जनजागृती करायची. नाक्यावर नाकाबंदी लावली, बातमीवाले कॅमेरे घेऊन आले, आणि माझ्या लक्षात आलं की माझं हेल्मेट घरी खुंटीला आहे. बाजूला होऊन घरी फोन लावला. थोरले भाऊ, म्हणजे दादा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. ते आमच्या रानात ऊसतोडीवर देखरेखीला होते. फोन त्यांच्या लेकीनं उचलला. म्हटलं, स्कूटर काढ आणि हेल्मेट घेऊन ये, लगेच.

तिला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. हातात शिकाऊ परवाना. मागं परवानाधारक बसवल्याशिवाय तिला गाडी चालवता येत नव्हती. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तो नियम मीच कॉलेजांत सांगत फिरत होतो.

पोरगी आली ती हेल्मेट डोक्यात घालूनच. दोन मापं मोठं, पुढं ठळक 'पोलीस'. आटपाडीहून नवीन बदलून आलेल्या शिपायानं तिला अडवलं, परवाना बघितला, फोटो काढला, मशीनवर कारवाई नोंदवली. ती माझी कोण, हे त्याला माहीत नव्हतं. कॅमेरे वळले. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. हेल्मेट तेवढं शिपायानं माझ्याकडं जमा केलं. तेच घालून मी सुरक्षेवर बोललो.

संध्याकाळी दादांनी सोप्यात चौकशी मांडली. पोर पोलीस भरतीची तयारी करत होती, पहाटे अकॅडमीत पळायला जायची. तिच्यावर केस म्हणजे दादांच्या लेखी कोर्ट मार्शल. मला म्हणाले, "तू इचार. तुला सवय हाय. मिरवायला गेली आसंल तर अकॅडमी बंद."

मी तिला आतल्या खोलीत नेलं. संशयिताला आधी पाणी द्यायचं आणि गप्प बसायचं, ही माझी पद्धत. इथं पाणी तिनंच मला दिलं.

"नाना, तुमी सांगताय का मी सांगू?"

मी निवृत्ती, खातेनिहाय चौकशी, वरिष्ठ असं बरंच बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं. मी माझ्यावर घेते. पर अकॅडमी बंद पडू द्यायची न्हाई, ते तुमच्याकडं."

मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन जाहीर केलं, गुन्हा कबूल आहे. माझ्या नोकरीतला सगळ्यात जलद तपास. दादा म्हणाले, खातं तुला उगंच मानत न्हाई.

प्रकरण जागेवर मिटणारं नव्हतं, न्यायालयात हजर राहायचं होतं. दादा कोर्टाची पायरी चढेनात, म्हणून सोबत मी गेलो, साध्या कपड्यांत. तरी आवारात सलाम पडत होते आणि वकील विचारत होते, साहेब, आज कुणाला आणलंत?

न्यायाधीश बाईंनी फोटो पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"हे हेल्मेट कुणाचं?"

"चुलत्यांचं. न विचारता घेतलं," पुतणी म्हणाली.

बाईंनी मला विचारलं, खरं आहे का? विचारतील तेवढंच बोला, असं मी किती साक्षीदारांना पढवलं असेल. मी तेवढंही बोललो नाही, नुसती होकाराची मान डोलावली. बाईंनी दंड केला आणि तिला बजावलं, घरात पोलीस आहेत, त्यांच्याकडून काही शीक.

जिन्यात ती म्हणाली, "शिकले की."

अकॅडमी बंद झालीच. मी दादांना एकदा म्हटलं, लेकरू आहे, जाऊ द्या. ते म्हणाले, तूच गुन्हा शाबीत केलास, आता वकिली कशाला करतोस? त्यावर माझ्याकडं एकच उत्तर होतं, ते दिलं नाही. पोर कॅनॉलच्या रस्त्यानं एकटी पळत राहिली. पहिल्या भरतीत धावण्यात पास झाली, गोळाफेकीत बाद झाली. गोळा शिकवायला कुणी नव्हतं. पुढच्या भरतीत लागली. आता सांगलीत ड्युटी करते.

खोटा कबुलीजबाब कसा तयार होतो, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत नीट कळलं नव्हतं. त्याला दबाव लागतोच असं नाही. समोरचं माणूस आपल्याला जपणारं असलं की पुरतं.

दादा पाहुण्यारावळ्यांत अजून सांगतात, पोरगी गुणाची, फक्त तेवढं एकदा मिरवायला गेली. हे छापून आलं की ते वाचतीलच. पण तिच्यादेखत, त्यांच्यासमोर उभं राहून, तिला मीच बोलावलं होतं हे तोंडानं सांगायचं देणं मी तिला लागतो. अजून सांगितलेलं नाही.