लिटरभर देणारी झाडं

माझ्या धाकट्या भावाला कुणाचा पडलेला चेहरा बघवत नाही. हा त्याचा गुण म्हणून सांगत नाही, दुखणं म्हणून सांगते आहे. लहानपणी खेळात समोरचा हरायला लागला की हा मुद्दाम चुकायचा. मोठेपणी नळदुरुस्तीचं काम शिकला, दुकान टाकलं आणि याच दुखण्यापायी ते बुडवलं. एका म्हातारीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नळाला पाणी येईना, कारण रस्त्याखालची मोठी वाहिनीच फुटली होती. म्हातारी आशेने नळाकडे बघत बसलेली. याने काय करावं? कोपऱ्यावरच्या हातपंपावरून बादल्या वाहिल्या, गच्चीवरच्या टाकीत ओतल्या आणि खाली येऊन ऐटीत तोटी फिरवली. म्हातारीने तोंडभर कौतुक केलं आणि चार शेजारणींना याचा पत्ता दिला. त्यानंतर आठवडाभर हा बादल्याच वाहत होता.

दुकान बंद झाल्यावर मीच त्याला माझ्या कामावर चिकटवला. मी तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या एका शिबिराचं स्वयंपाकघर आणि कोठीघर सांभाळायचे. शिबिर जंगलाच्या कडेला होतं आणि विषय होता रानात एकट्याने जिवंत कसं राहायचं. मोठमोठ्या कंपन्या आपल्या साहेबलोकांना चार-चार दिवस आमच्याकडे धाडायच्या, संकटात डोकं शांत ठेवायला शिकावं म्हणून. ज्यांना घरी स्वतःचे मोजे सापडत नाहीत असे लोक इथे येऊन दगडावर दगड घासून जाळ करायचे. जाळ झाला की टाळ्या वाजवायचे, आणि मग माझ्या गॅसवर उकळलेला चहा प्यायचे.

धाकट्याकडे न्हाणीघरं, टाकी आणि नळ होते. सगळे त्याला नळकाका म्हणायचे.

शिबिराचे मालक आणि शिक्षक एकच, सर. आधी कुठल्याशा शाळेत कवायत शिकवायचे, गळ्यातली शिट्टी तेव्हापासूनची. माणूस मनाने सरळ, आवाजाने मोठा. रानाबद्दल त्यांना जे माहीत होतं ते पुस्तकांतून आलेलं, पण पुस्तकं त्यांनी मन लावून वाचली होती. त्यांचा सगळ्यात लाडका धडा होता झाडापासून पिण्याचं पाणी.

धडा असा. उन्हातली, पानांनी भरलेली फांदी निवडायची. चीक गळणारं किंवा विषारी झाड टाळायचं. फांदीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवायची, तोंड सुतळीने घट्ट आवळायचं आणि पिशवीचा एक कोपरा खाली लोंबता ठेवायचा. पानं दिवसभर वाफ सोडतात, ती पिशवीत अडकते आणि थेंबाथेंबाने कोपऱ्यात उतरते. यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. फक्त उतरतं किती, तर आमच्याकडच्या झाडांतून चार चमचे. झाड अगदी खुशीत असलं तर अर्धी वाटी.

पहिल्याच तुकडीसमोर सरांनी मोठ्या थाटात पिशवी सोडली, पण पाण्याने पेल्याचा तळसुद्धा झाकला नाही. एक साहेब म्हणाले, "एवढ्यासाठी आम्ही दिवस घालवला?" सरांचा चेहरा खर्रकन उतरला. धाकटा शेजारीच गळका नळ आवळत होता. त्याने तो चेहरा पाहिला आणि पुढचं सगळं तिथेच ठरलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पिशवीत लिटरभर पाणी होतं.

मला कळायला चार दिवस लागले. दुपारी माझी मोठी किटली जागेवर नसायची, आणि परत यायची ती चोचीत पानाचे तुकडे अडकवून. कुठेतरी पाणी मुरतंय हे मी ओळखलं. जेवणानंतर साहेबमंडळी तासभर डुलकी काढायची. त्या तासात पाळत ठेवली, तर हा पठ्ठ्या किटली आणि एक बारीक नळी घेऊन झाडाझाडाशी हिंडतोय. सुतळीच्या गाठीखालून फांदीच्या कडेने नळी सरकवायची आणि वरून ओतायचं. हात इतका सफाईचा की गाठ हलायचीसुद्धा नाही.

"अरे, लाज वाटते का?" मी म्हटलं.

"ताई, हळू बोल. झोपलेत ते."

"झोपलेत म्हणून तर विचारतेय. हे काय चाललंय?"

"पाणी चांगलंच आहे गं. टाकी परवाच धुतलीय."

मला हसू आलं, आणि तिथेच माझं चुकलं. हसलेल्या बाईला नंतर रागावता येत नाही. शिवाय पुढे शिबिर जोरात चालायला लागलं, त्यावर माझीही चूल पेटत होती. मी अकरा वर्षं तोंड मिटून बसले. त्याच्या पापात माझी किटली होती हे मी नाकारत नाही.

सरांनी मात्र शास्त्र उभं केलं. कुठल्या झाडाने किती पाणी दिलं हे ते रोज वहीत टिपून ठेवायचे. स्वयंपाकघरामागचं झाड सगळ्यात जास्त द्यायचं, कारण माझा नळ तिथून दहा पावलांवर. सरांनी लिहिलं, "माणसांच्या सहवासात झाड उदार होते." टेकडीच्या उतारावरची झाडं कमी द्यायची, कारण धाकट्याचा गुडघा धरायचा. सरांनी लिहिलं, "उतारावरील झाडे स्वभावतः काटकसरी असतात." एका वर्षी गुडघा सुजून तो महिनाभर लंगडत होता, तेव्हा झाडांच्या वार्षिक विश्रांतीवर सरांनी स्वतंत्र प्रकरण लिहिलं. पुढे एका बाईंनी पेला नाकाशी धरून विचारलं, "सर, याला पोहण्याच्या तलावासारखा वास कसा?" सर म्हणाले, "सालीतले क्षार." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लिहून घेतलं.

मग पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर पिशवी बांधलेली फांदी आणि खाली ठळक अक्षरांत, की निरोगी झाड दिवसाला लिटरभर पाणी देतं. लोक ती सही करून मागायचे. सर दिवसेंदिवस ताठ चालायला लागले. धाकटा त्यांच्याकडे दुरून बघून खूश व्हायचा, वर्गात पहिल्या आलेल्या पोराच्या बापासारखा.

हे असंच चाललं असतं. पण बाराव्या वर्षी ऐन उन्हाळ्यात विमा कंपनीच्या बारा अधिकाऱ्यांची तुकडी आली आणि सरांच्या डोक्यात नवीन बेत शिरला. अंगणात झाडं बघून खूप झालं, आता टेकडीपलीकडचं माळरान तीन दिवसांत पायी पार करायचं. वाटेत ओढा नाही, विहीर नाही, वस्ती नाही. विरळ झाडी तेवढी आहे. प्रत्येकाजवळ पाण्याची एकच बाटली, आणि सगळ्यांत मिळून चाळीस पिशव्या.

ऐकून धाकटा पांढराफटक पडला. तरी सरळ सांगेल तर तो धाकटा कसला! आधी त्याने चाळीस पिशव्या माळ्यावर लपवल्या. सरांनी नव्या मागवल्या. मग बरोबर न्यायच्या शिध्याच्या टोपल्यांच्या तळाशी पाण्याचे कॅन दडवले. ते सरांच्या हाती लागले, आणि सर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "नळकाका, रानात नळाचं पाणी न्यायचं? ही शुद्ध फसवणूक आहे!"

धाकटा माझ्याकडे आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"ताई, मी येतो म्हटलं बरोबर, तर सर म्हणतात गुडघा सांभाळा."

"आणि बरोबर जाऊन काय करणार होतास? तीन दिवसांचं पाणी किटलीतून नेणार होतास?"

तो फडक्याने कोरडाच ओटा पुसायला लागला.

"हे बघ, दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माळावर माणसं कोसळतील. त्यांचे चेहरे बघवतील तुला?"

"सर मला काढून टाकतील."

"टाकू देत."

"तसं नाही गं. त्यांना किती वाईट वाटेल!"

त्या क्षणी मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. हाताला धरून अंगणात नेलं. तेरा माणसं पाठीवर सामान चढवून निघायच्या तयारीत उभी होती.

धाकट्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. किटली, नळी, टाकी, गुडघा, दडवलेले कॅन, काही राखून ठेवलं नाही. त्याचं बोलून झाल्यावर मला वाटलं, सुटलो.

कुणाचाही विश्वास बसला नाही.

सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, आमची काळजी वाटते म्हणून एवढं बोललात ना?" आणि त्यांचे डोळे भरून आले. विम्याचे अधिकारी तर हसायलाच लागले. ही मंडळी दावे तपासणारी. लोक खोटं बोलतात यावर त्यांचा संसार चालतो. एक जण म्हणाला, "वीस वर्षं नोकरी झाली माझी. कुणी न विचारता आपला गुन्हा कबूल केलेला माणूस अजून पाहिला नाही. याच्यामागे नक्की काहीतरी आहे." दुसऱ्याने पुस्तिका उघडून दाखवली, "इथे छापलंय की!"

मी ओरडले, "अहो, किटली माझी आहे! माझ्यादेखत चाललंय हे अकरा वर्षं!"

"या सख्ख्या बहीण ना?" तो पहिला म्हणाला. "नातेवाइकांची साक्ष आम्ही धरत नाही."

शेवटी त्यांच्यातल्या मोठ्या बाई, निवृत्तीला आलेल्या, चष्मा पुसत म्हणाल्या, "मग तपासून बघू. एक दिवस उशिरा निघालो तर काय बिघडतंय?" झालं, मंडळींच्या अंगात एकदम उत्साह संचारला. स्वयंपाकघरामागच्या त्या उदार झाडाला पिशवी बांधली, गाठीवर कागदाची पट्टी चिकटवली, पट्टीवर बारा सह्या झाल्या. दोघादोघांचे पहारे लागले. सकाळभर पहारा कडक होता. दुपारी जेवणाची घंटा झाली तसे सगळे जेवायला आले आणि मग सवयीने आडवे झाले. पहाऱ्यावर कुणाला बसवलं? धाकट्याला! ज्याने गुन्हा कबूल केलाय तो पुन्हा कशाला करेल, असा त्यांचा हिशेब.

मी खिडकीतून बघत होते. तो झाडासमोर उकिडवा बसला होता. ती कागदी पट्टी त्याला काय अडवणार? नळी खालून जात होती. समोर व्हरांड्यात सर आरामखुर्चीत झोपले होते, छातीवर पुस्तिका उपडी ठेवून, चेहऱ्यावर हसू. धाकटा एकदा पिशवीकडे बघायचा, एकदा त्या चेहऱ्याकडे. मग तो उठला, आत आला, माझ्याकडे न बघता किटली भरून घेऊन गेला.

माझा जीव टांगणीला लागला. त्याने ओतलं असतं तर चार वाजता लिटरभर पाणी निघालं असतं, आणि दुसऱ्या दिवशी तेरा माणसं एकेक बाटली घेऊन त्या माळावर गेली असती. हे मला जेवढं कळत होतं तेवढंच त्यालाही कळत होतं. तरी तो किटली हातात धरून कितीतरी वेळ तिथे उभा राहिला. मग वाकला आणि सगळी किटली झाडाच्या बुंध्याशी रिकामी केली. परत येऊन ती ओट्यावर ठेवली आणि पुन्हा जाऊन बसला.

चार वाजता मोठ्या बाईंनी पट्टी तपासली, सह्या मोजल्या, पिशवी सोडली. पेल्यात उतरलं ते मी माझ्या चमच्याने मोजलं. चार, आणि पाचवा अर्धा.

कुणी हसलं नाही. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "कॅन कुठे आहेत ते?" आणि अधिकारी निमूट कोठीघराकडे वळले. अंगणात सर उरले, हातात पेला धरून. त्यांचा चेहरा असा पडला होता की मलाच बघवेना, तर धाकट्याचं काय झालं असेल! पण तो बघत राहिला. नजर हलवली नाही.

"बाकीचं सगळं तुमचं होतं?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"उतारावरची झाडं?"

"गुडघा, सर."

सरांनी पेला तोंडाला लावून अर्धा घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला. मग पेला धाकट्यापुढे केला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की अकरा वर्षं झाडांना पाणी पुरवणाऱ्या या माणसाने झाडाचं पाणी कधी चाखलंच नव्हतं. त्याने ते संपवलं, ओठ पुसले, जरा विचार केला.

"कडवट आहे, सर," तो म्हणाला. "पण त्याचं स्वतःचं आहे."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली आणि ते कॅन उचलायला गेले.