गायकवाडताई आणि एकटा स्लॅश

गायकवाडताई स्क्रीन मनातल्या मनात कधीच वाचत नाहीत. एकेक अक्षरावर नख टेकवत मोठ्याने वाचतात, अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं. ऑफिस ठाण्यात, त्या येतात कल्याणजवळच्या मोहन्याहून. पहिल्या आठवड्यात मला जाम हसू यायचं. त्यांचं एकच म्हणणं, "अर्थ नको सांगू, अक्षरं सांग. मशीनला अर्थ कळत नाही."

मग माझं ते प्रकरण झालं. कल्याणच्या एका लॅबसाठी मी जुने रिपोर्ट शोधायचा प्रोग्राम लिहिलेला. रिपोर्टना नुसते नंबर. कुठला नंबर कोणाचा, हे एका नोंदींच्या फाईलमध्ये. ती हाताने उघडली तर नुसता कचरा दिसतो, प्रोग्रामलाच वाचता येते. आणि लॅबचा आधीचा प्रोग्राम मी दुपारी काढूनच टाकलेला, एवढी हुशार मी. चार वाजता लॅबमधून फोन. एका बाईंचं उद्या सकाळी ऑपरेशन, जुना रिपोर्ट बघितल्याशिवाय डॉक्टर करणार नाहीत, त्यांचा भाऊ काउंटरवर उभा आहे. इकडे माझा प्रोग्राम म्हणतोय, फाईल उघडत नाही. अरे, समोर दिसतेय की! पाथ, म्हणजे फाईलचा पत्ता, मी कोडमध्ये दहा वेळा तपासला. D:\thane\nondi.dat. एररमध्येही अगदी तस्साच. मी ताईंना हाक मारली.

ताई आल्या, वाचायला लागल्या. डी, कोलन, स्लॅश... नख तिथेच थांबलं.

"हा एकटाच आहे का गं?"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, उलटा स्लॅश एकटा असला की मशीन पुढचं अक्षर त्यालाच जोडून टाकतं. स्लॅश टी म्हणजे टॅबची मोकळी जागा, स्लॅश एन म्हणजे नवी ओळ. "तू लिहिलंस ठाणे, त्याने वाचलं मोकळी जागा आणि 'हाणे'. एररमध्ये मशीन खरा स्लॅश दोनदा लिहितं, एकटा स्लॅश टी दिसला म्हणजे तिथे टॅबच. पाथ खरा असता ना, तर एररमध्ये स्लॅश दोन-दोन दिसले असते."

म्हणजे एररमध्ये पाथ बरोबर दिसत होता, तीच चुकीची खूण होती. यार, हे कोणाला दिसतं? मी कोडमध्ये दोन्हीकडे स्लॅश डबल केले. रिपोर्ट पटकन उघडला.

लॅबला सांगायला मी फोन ताईंपुढे धरला. त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला. "जिने पत्ता चुकवला तिनेच सांगायचं. कारणासकट."

फोन काउंटरवरच्या भावाकडे गेला. मी म्हटलं, रिपोर्ट पाठवलाय, उशीर माझ्या चुकीमुळे झाला. मला वाटलं, आता शिव्या पडणार. मग तो हळूच म्हणाला, "आला. आक्काचाच आहे."

मी वळून बघितलं. गायकवाडताईंनी डोळे मिटलेले, आणि माझ्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.