माझ्यापाशी येऊन अडायची

शेवटचं आम्ही नवरा-बायकोनं मिळून काही केलं असेल तर तुरीच्या शेंगा सोलल्या. ओसरीत बसून. सोलता सोलता ती म्हणाली, "उद्या वर्गात परीक्षा शे." देवपुरात आमच्या गल्लीत म्हाताऱ्या बायांना लिहा-वाचायला शिकवतात, तो वर्ग.

मी म्हणालो, "तुले सोतानं नाव तरी वाचता येस का?"

शिकवणाऱ्या बाईंनीच मला सांगितलं होतं, आजी पूर्ण नाव वाचताना मधेच अडतात.

"तुमले काय मालूम!" ती हसली आणि टरफलं टाकायला उठली. पहाटे हाक मारली तर उठलीच नाही.

दहाव्याला शेजारची मुसलमान बाई आली. दोघी वर्गात शेजारी बसायच्या. म्हणाली, "नाना, तिला सगळं वाचता यायचं. पण पूर्ण नावात तुमचं नाव येतं ना. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घेणार? मग ती माझं पूर्ण नाव वाचायची, मी तिचं. बाई एकेकीला उभं करायच्या, तिथं आम्ही दोघी फेल."

"आमच्या भावकीतल्या बाया होत्या की तिथं."

"त्या कशा घेतील तुमचं नाव? तुम्ही त्यांचे जेठ, थोरले दीर!" आणि डोळे पुसता पुसता हसली.

माझं डोकं चालेना. मी चौथीपर्यंत शिकलो, मास्तरच्या छडीखाली, एकटा. एकटीला येत नाही आणि दोघींना येतं, हे कसलं शिकणं? आणि तेही घरच्या बायांबरोबर जमेना, परक्या घरच्या बाईबरोबर जमलं. बरं, शिकवणाऱ्या बाई आजकालच्या, त्यांना नसेल कळलं. पण जिनं जन्मभर मला "अहो, ऐकलं का" म्हणून हाक मारली, ती कुठं अडत असेल, हे मला कळू नये? मठ्ठ कोण मग?

वर्गाच्या वहीत तिच्या नावापुढं 'वाचता येत नाही' असं लिहिलेलं होतं. ते तसंच राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाबा, आता त्या नाहीत. बदलून काय होणार?" मी दारातच उभा राहिलो. शेवटी त्यांनी वही काढली आणि विचारलं, "नाव काय आजींचं?"

मीही ते कधी चारचौघांत घेतलं नव्हतं. घेतलं. मोठ्यानं.