आईला पोहायचं होतं

मी कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवते, त्यामुळे कुठंही गेले तरी डोकं गप्प बसत नाही. जूनमध्ये आई सांगलीहून दिल्लीला आली, आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये कूलरसमोर बसून चार दिवसांत कंटाळली, म्हणून तिला शहराबाहेरच्या वॉटर पार्कला घेऊन गेले. पर्समध्ये वही होतीच. दारात लोक घड्याळ, चपला, घरचे कपडे उतरवतात, मनगटाला पट्टा बांधून घेतात, आणि आत साहेब काय, शिपाई काय, सगळे सारखेच किंचाळतात. जत्रेत होतं तेच इथं होतं, असं मी रांगेत आईला समजावत होते. ती म्हणाली, "बरं. पाणी कुठंय?"

आई कृष्णाकाठची. लहानपणी भरल्या नदीत उड्या मारायची. लग्न झालं, सासू म्हणाली, सुनेनं घाटावर पोहायचं नाही, आणि विषय संपला. आता ती अडुसष्टची आहे. त्या दिवशी मुद्दाम नऊवारी नेसली होती, काष्टा घट्ट मारून. तिची आई त्यातच पोहायची म्हणे.

लाटांच्या तलावाशी गार्डबाईंनी हात आडवा घातला. "माताजी, साडी अलाउड नहीं है. नायलॉन का कॉस्ट्यूम लेना पडेगा."

झालं! माझं टाळकंच फिरलं. "ये साडी नहीं, नऊवारी है," मी सुरू झाले. हे वस्त्र नेसून आमच्या बायांनी शेतं केली, नद्या ओलांडल्या. तुमच्या त्या ढगळ चड्ड्यांपेक्षा हे घट्ट बसतं. आणि आमची संस्कृती काय गेटवर जमा करून यायची? बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, लंबा कपडा पानी में फँसता है." मी म्हटलं, मॅनेजरला बोलवा. मॅनेजर आला. भोवती दहा-पंधरा ओली माणसं जमली. एकजण म्हणाला, "जाने दो यार आंटी को!" मला आणखीच चेव आला. काष्टा कसा असतो ते दाखवायला मागं वळले, तर आई गायब.

ती कपडे बदलायच्या खोलीतून येत होती. गुडघ्यापर्यंत काळी चड्डी, अर्ध्या बाह्यांचा नायलॉनचा शर्ट, डोक्याला रबरी टोपी. हातात नऊवारीची घडी.

"आई, अगं हे काय! लोक बघतायत."

"बघू देत. तिकडं सासू म्हणाली, सुनेनं पोहायचं नाही. इथं ही बाई म्हणते, साडीत पोहायचं नाही. आणि तू म्हणतेस, साडीतच पोहायचं. अगं, मला पोहू कोण देणार आहे?"

घडी माझ्या हातात कोंबली आणि ती उतरली. मला लाज वाटली, खरं सांगते, आणि तिच्या चड्डीची नव्हे. एवढा वेळ मी तिच्यासाठी भांडतेय असं मला वाटत होतं. ती आधी चाचपडली, नाकातोंडात पाणी गेलं, खोकली. मग हात लांब टाकत पोहायला लागली, लाटेच्या विरुद्ध दिशेनं, खोल भागाकडं.

शिट्टी वाजली. तलावातल्या लोकांची पाळी संपली होती. सगळे बाहेर आले. आई आली नाही. ती उताणी पडून तरंगत होती, डोळे मिटून. दुसरी शिट्टी वाजली. गार्डबाई माझ्याकडं आल्या. "मॅडम, माताजी को बोलिए ना, बाहर आएँ."

"नहीं बोलूँगी," मी म्हटलं. "बिल्कुल नहीं बोलूँगी."