लीलामावशीचा उपास आणि अनिताची गोळी

आमच्या औंढ्यात लीलामावशीला मी घाबरत नाही असं कुणी सांगितलं, तर तो माणूस एकतर बहिरा असणार, नाहीतर कालच गावात भाड्याने राहायला आलेला. मी गावची आशा सेविका आहे, शालन. बारा वर्षं घरोघर फिरते. लस, वजन, बाळंतपण सगळं बघते. माझ्याही तोंडाला कुणी सहसा लागत नाही. पण मावशीच्या अंगणात पाय टाकताना मी अजूनही पदर सारखा करते.

बावन्न वर्षांची बाई. उंचीनं ठेंगणी, आवाज मात्र वरच्या आळीपर्यंत. भाताची लावणी असो की लग्नातली पंगत, मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली की कामं आपोआप व्हायला लागतात. घरात तर पानही तिच्या परवानगीनं हलतं. बिस्किटांच्या जुन्या डब्यात साऱ्या घराची औषधं असतात आणि तो डबा तिच्याच ताब्यात. दत्तोबाभाऊंची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, गुडघ्याची गोळी, तिची स्वतःची बीपीची गोळी. ज्याची त्याला, ज्या त्या वेळी, हातावर. "मानसं इसरत्यात, मी न्हाई इसरत," म्हणते. आणि खरंच विसरत नाही हो, हीच तर पंचाईत झाली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्याचं, संदेशचं, लग्न झालं. तो उर्शाच्या टोलनाक्यावर कामाला. सून अनिता, काटक पोर, पोलीस भरतीच्या मागे हात धुऊन लागलेली. पहिल्या खेपेला मैदानी चाचणीत दोन गुणांनी गेली, तेव्हा चार दिवस जेवली नव्हती. नवरा-बायकोनं ठरवलेलं, भरती होईपर्यंत मूल नको. हे त्या दोघांना माहीत, मला माहीत. मावशीला कोण सांगणार? ती तर लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माळ्यावरचा पाळणा पुसून तयार.

त्यात अनिताच्या तोंडावर मुरुमं. साधी नाहीत, हनुवटीवर टणक गाठीच. हळद झाली, मुलतानी माती झाली, कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्टसुद्धा फासून झाली. शेवटी मीच तिला तळेगावला डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी बीपी बघितलं, अर्धशिशी आहे का, तंबाखू-मिसरी लावतेस का, घरात कुणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती का, सगळं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाल्या, "एका गोळीत दोन्ही कामं होतील. दिवस जाणार नाहीत, आणि मुरुमंही कमी होतील. पण तीन महिने धीर धर, आणि गोळी रोज, ठरल्या वेळी."

पाकिटात एकवीस पांढऱ्या गोळ्या, सात तपकिरी. पांढऱ्या औषधाच्या, तपकिरी लोहाच्या. तपकिरी चालू असताना पाळी येते. अनितानं घरी येऊन सासूला सांगितलं, "मुरमाची गोळी आहे." खोटं नव्हतं, अर्धं होतं. त्या अर्ध्यात मीही सामील होते, हे कबूल करते. पाकीट गेलं डब्यात.

पहिला महिना अनिताला मळमळलं, तेव्हा मावशीचे डोळे असे काही लकाकले की मला पाप लागल्यासारखं वाटलं. मग मळमळ थांबली. तिसऱ्या महिन्यात तोंड लख्ख! मावशीला कोण आनंद. दळणाला जाताना, बचत गटात, सगळीकडे एकच, "आमच्या अनीचं त्वांड बघितलं का? शालनच्या गोळीनं केलं!" झालं, माझ्या दाराशी रांग. एका बाईचं बीपी दीडशेच्या वर, तिलाही मुरमाची गोळी हवी. म्हटलं, "आधी डॉक्टरला दाखव. ही काय बडीशेप आहे का, वाटत सुटायला?"

तोवर श्रावण आला आणि गेला. मला वाटलं, सगळं सुरळीत आहे.

भाद्रपदात एके दिवशी अनिता माझ्याकडे आली. रोज पळत येणारी पोर, त्या दिवशी पाय ओढत आली.

"शालनताई, तपकिरी संपल्या. पाळी नाही आली."

"गोळी चुकवलीस?"

"नाही ओ."

"नीट आठव."

"खरंच नाही. फक्त उपासाला घेतली नाही."

मी हातातली वही खाली ठेवली. "कुठल्या उपासाला?"

"श्रावणात आईंबरोबर शनिवार-सोमवार धरले होते. भरतीसाठी. शेवटच्या आठवड्यात मधल्या रविवारी एकादशी आली."

"म्हणजे सलग तीन दिवस?"

"आई म्हणाल्या, गोळी पिठाची असते. पीठ म्हणजे धान्य. धान्यानं उपास मोडतो."

मी कपाळावर हात मारला. बारा वर्षांत गोळी का सोडली याची शंभर कारणं ऐकलीत. गरम पडते, वजन वाढतं, नवऱ्यानं फेकली. पण गोळीला धान्य ठरवणारी बाई पहिलीच! बरं, त्या दिवसाची गोळी फुकट कशी घालवायची, म्हणून मावशीनं ती तुळशीत टाकलेली. आमच्या घरात उपास कुणाला ठाऊक? आमच्या आजोबांनी छप्पन साली देव आणि उपास एकदमच सोडले. त्यामुळे श्रावणात विचारावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आधी मला मावशीचा राग आला, मग अनिताचा, आणि मग माझा स्वतःचाच.

"ताई, दिवाळीच्या आधी मैदान आहे," अनिता म्हणाली आणि रडायला लागली. "दिवस गेले असतील तर मी पळू कशी? पुढच्या वेळेला वय बसायचं नाही."

"उद्या सकाळी पहिली लघवी एका वाटीत धरून ठेव. मी पट्टी घेऊन येते," म्हटलं. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

सकाळी मावशी गोठ्यात जाईल असा माझा हिशोब. गेली होती. पण पट्टीवर थेंब टाकले न टाकले तोच दुधाची बादली घेऊन दारात उभी!

"काय चाललंय सकाळ सकाळ?"

अनितानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आता पुरे. एवढं झाकून झाकून ही वेळ आली. आणि सगळं सांगून टाकलं. गोळी मुरमाचीही आणि मूल न होण्याचीही. भरती होईपर्यंत थांबायचं ठरलंय. उपासाला गोळ्या चुकल्या, शेवटी तर सलग तीन, म्हणून आता ही पट्टी.

मावशीनं बादली खाली ठेवली. "म्हंजी सहा महिनं मीच माझ्या हातानं ती गोळी देत व्हते?"

"व्हय मावशी. लय मनापासनं देत होता."

वाटलं, आता आकाश कोसळणार. पण ती उंबऱ्यावर बसली. पट्टीकडे बोट करून म्हणाली, "किती येळ?"

"पाच मिनिटं."

"एक रेघ आली म्हंजी काय?"

"दिवस गेले नाहीत."

"आन दोन?"

"गेले."

मग आम्ही तिघी त्या पट्टीकडे बघत बसलो. दूध तापवायचं कुणाला सुचलं नाही. मधेच मावशी पट्टीवरची नजर न काढता बोलायला लागली. "माजं लगीन सतराव्या वर्सी. सा वर्सांत चार बाळतपणं. तीन जगली. पोरं नको व्हती असं न्हाई गं. पर हवी का, कवा हवी, ह्ये एकानं तरी इचारायचं व्हतं." अनितानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.

एकच रेघ आली. अजून पाच मिनिटं थांबलो, तरी एकच. अनिता हसत हसत रडायला लागली. मावशी उठली, डोळे पुसले आणि ओरडली, "रडतीस काय, भवाने? दूध ठेव चुलीवर!" मला एवढं बरं वाटलं तिचा आवाज ऐकून!

मी दोघींना नीट सांगितलं. नवं पाकीट आजच चालू करायचं, आठवडाभर निरोधही वापरायचा, आठ दिवसांनी पुन्हा तपासू. संदेशच्या हातात निरोधाची पाकिटं दिली, तर तो कानापर्यंत लाल होऊन गाडीला किक मारून पसार. आठ दिवसांनीही एकच रेघ आली, आणि पुढं पाळीही आली.

पुढच्या उपासाला दत्तोबाभाऊंनी मुद्दाम कळ काढली, "काय गं, आज गोळी न्हाई ना? पिठाची असती." मावशी फणकारली, "ती गोळी तिचा नेम हाय. नेम मोडला तर देव जास्त रागवंल. तुमी भगर खावा गप." मी तिथंच होते, तेवढ्यात डाव साधला. म्हटलं, "मग तुमची बीपीची गोळी? तीही नेमच की." उपासाला ती स्वतःचीही बंद ठेवायची! बीपी बघितलं तर एकशेसाठ. त्या दिवसापासून दोघी सासू-सुना एकदमच पाण्याचा पेला उचलतात.

मैदानाच्या दिवशी पुण्याला जायचं तर मावशी आमच्या आधी तयार. आम्हाला तारेच्या कुंपणाबाहेर उभं केलं. शेजारी कुठल्याशा गावची बाई, तिनं बोलता बोलता विचारलं, "सुनंला काय हाय? मुलगा का मुलगी?" मावशी म्हणाली, "सध्या आठशे मीटर हाय." त्या बाईला काही कळलं नाही. मी तोंडाला पदर लावला.

शिट्टी झाली. अनिता सुटली. पहिल्या फेरीत चौथी होती. दुसऱ्या फेरीत मावशीनं कुंपण असं काही हलवायला घेतलं की हवालदार धावत आला. "मावशी, ओरडू नका." "माजी सून हाय, मी वरडनार! पळ अने, पळ!" अनितानं शेवटच्या वळणावर दोघींना मागं टाकलं. दोन मिनिटं सत्तेचाळीस. पूर्ण गुण. मी तर त्या हवालदारालाच टाळी दिली.

लेखी परीक्षा अजून बाकी होती, पण त्या घडीला कुणाला तिची पडली होती? मावशी मात्र कुंपणाला धरून आतल्या पोरींकडं बघत उभी होती. धापा टाकणाऱ्या, एकमेकींना टाळ्या देणाऱ्या, विशी-पंचविशीतल्या सगळ्या. माझा हात घट्ट धरून म्हणाली,

"शालन, माज्या येळंला तू कुटं व्हतीस गं?"

"मावशी, तुमच्या लग्नात मी तीन वर्षांची होते."

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले, आणि वर खेकसली, "मग लवकर जलमाला याचं व्हतंस की!"